जेवणाला कुणी ‘बघू’ म्हणत न्हाय

आमच्या घरात आई कामावरून आल्या आल्या चूल पेटवायची नाही. आधी न्हाणीच्या आडोशाला लुगडं बदलायची, डोक्यावरून पाणी घ्यायची, मगच उंबरा ओलांडायची. ती तेरखेड्याला एका फटाक्याच्या शेडात नळ्या वळायला जायची. पदराला चंदेरी भुकटी लागलेली असायची, आणि त्या भुकटीला ठिणगी लागली तर काय होतं ते आमच्या गल्लीनं एकदा बघितलेलं होतं. वडील मी सातवीत असताना तापानं गेले. तेव्हापासून घर चाललं ते आईची नळी वळायची काडी, आईची खळ आणि आईची दोन बोटं यांच्यावर. दिवाळीत आम्ही साधी टिकली कधी वाजवली नाही. आई म्हणायची, वर्षभर ऐकते तेवढं बास झालं.

अशा घरातून मी बी.कॉम. झाले. आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते, इथंही सांगते. निकाल लागला त्या दिवशी मी आईला म्हटलं, आता तू तेरखेड्याला जायचं नाही. ती घरी वळायला आणलेल्या कोऱ्या नळ्यांचं खोकं बांधत होती. वर न बघता म्हणाली, “नोकरी पक्की झाली की सांग. कच्च्या नोकरीवर चूल पेटत न्हाय.”

कच्ची नोकरी लागली ती धाराशिवात, वजनकाट्याच्या दुकानात. मी मावशीकडं राहून जाऊ लागले. दुकानाचे शेठ म्हणाले, तीन महिने बघतो. या तीन महिन्यांत एक तरी भुईकाटा लावून दाखव, नाहीतर माझा भाचा रिकामाच आहे. भुईकाटा म्हणजे ज्याच्यावर भरलेला ट्रक उभा करतात तो. तो काही कुणी दुकानात येऊन घेत नाही. मिलच्या, कारखान्याच्या मालकाला गाठायचं, त्याच्याकडून वेळ घ्यायची, मग आमचा फिटर जाऊन जागा बघणार. गाठायचं ते फोनवर. कारण मालक लोक गेटवर आलेल्या विक्रीवाल्याला बघतसुद्धा नाहीत.

दुकानाच्या मागच्या खोलीत एक टेबल, त्याच्यावर वायरचा जुना फोन, आणि समोर बिनपाठीच्या स्टुलावर बसलेले ट्रंककाका. त्यांच्या हाताखाली मला दिलं होतं.

काकांचं खरं नाव दुकानात कुणी घेत नसे. जन्मभर टेलिफोन कचेरीत ऑपरेटर. ट्रंक कॉल जोडायचे, म्हणून ट्रंककाका. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. उंच, वाळलेले, पांढरा हाफ शर्ट, आणि उजवा कान डाव्यापेक्षा चपटा. इतकी वर्षं त्या कानावर हेडफोन बसलेला. त्यांच्याकडं मोबाईल नव्हता. फोन ही खिशात ठेवायची वस्तू नाही, असं त्यांचं मत. फोन करायच्या आधी ते चपला काढून बाजूला ठेवायचे, तोंडात एक लवंग धरायचे आणि डोळे मिटायचे. बोलणं झालं, रिसीव्हर ठेवला, की त्यांचा उजवा हात समोरच्या रिकाम्या हवेतून काहीतरी उपसून काढायचा. पहिल्यांदा मी घाबरले. मग कळलं, कॉल संपला की बोर्डावरची पिन काढायची तो हात होता. बोर्ड मोडीत गेला, हाताला कुणी सांगितलं नव्हतं.

समोर बसून बोलताना ते मला ‘तू’ म्हणायचे. पण सरावासाठी शेठच्या टेबलावरच्या फोनवरून मला त्यांच्याशी बोलायला लावायचे, तेव्हा ‘तुम्ही’. मधे एक पातळ पार्टिशन. मी म्हटलं, काका, मीच आहे की. तर म्हणाले, तारेवर कोण कोण आहे ते कळत नसतं, तिथं सगळे तुम्ही.

आणि ते कधीही ‘हॅलो’ म्हणत नसत. हॅलो म्हटलं की समोरचाही हॅलो म्हणतो, आणि दोन हॅलोंत माणूस सावध होतो, असं त्यांचं गणित. ते नुसतं म्हणायचे, “धाराशिवहून बोलतोय.” आणि गप्प. वायरच्या फोनवरून धाराशिवचा कोड दिसला की निम्म्या लोकांना वाटतं कचेरीतून आहे, कोर्टातून आहे. माणूस लगेच ठेवत नाही. मोबाईलवरून केला की त्यांच्या फोनवर विक्रीवाला म्हणून नाव लाल दिसतं, उचलतच नाहीत. शेठला हे पटलं होतं म्हणूनच ती वायर अजून होती.

पहिल्या दिवशी मी शेठनी छापून दिलेला कागद वाचला. “सर, मी आपलं एक मिनिट घेऊ शकते का?” पलीकडून “न्हाय” आलं आणि फोन बंद. असं सात वेळा झालं. काका डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, मागितलंस कशाला? मागितलं की माणूस देत नसतो, नेम असतो तो. मग थोड्या वेळानं म्हणाले, “बी.कॉम. घरी ठेवून येत जा. आवाजात दिसायलंय.”

मला राग आला. तो कागद मी घरी नेला आणि रात्रभर नाही, पण चांगला तासभर बघत बसले. दुसऱ्या दिवशी तो आणलाच नाही.

काकांचं म्हणणं, कामाचा माणूस दिवसभर कामात नसतो. त्याची एक फट असते. ती सापडली की फोन, नाही सापडली की गप्प. त्या फटींची त्यांची एक वही होती. अडतवाल्याची फट सौदे उरकल्यावर, हिशेबाला बसायच्या आधी. ईट गावाकडच्या खवा भट्टीवाल्यांची, कढई उतरली आणि दुसरं दूध अजून यायचंय तेवढ्यात. सोनाराची भर दुपारी. वहीत मालकाचं नाव बारीक अक्षरात आणि फोन उचलणाऱ्याचं मोठ्या अक्षरात असायचं. पुढं शेरा. ‘जावई, घाईचा.’ ‘पुतण्या, आधी खोकतो.’ ‘सून, हुशार, हिला सगळं सांगावं.’

टेबलाच्या काचेखाली त्यांनी एक कागद ठेवला होता. त्यावर निळ्या शाईनं चार ओळी.

‘बघू’ म्हंजे न्हाय.
‘बघतो’ म्हंजे आठ दिवसानं.
‘बघूयात’ म्हंजे घरात इचारून.
‘तुमीच बघा की’ म्हंजे गाडी काढा.

हा आमचा ग्रंथ. मी रोज संध्याकाळी माझ्या वहीत त्याचे चार रकाने भरायची. पहिला लवकर भरायचा.

फोनवर माणसं आधी गाव विचारतात, मग हळूच आडनाव विचारतात. ते कशासाठी विचारतात ते मला आणि माझ्या आईला चांगलं माहीत आहे. एका तेलगिरणीवाल्यानं तीनदा विचारलं तेव्हा मी रिसीव्हरवर हात ठेवून काकांकडं बघितलं. ते म्हणाले, “सांग त्याला, काट्याला आडनाव नसतंय.” मी जसंच्या तसं सांगितलं. त्यानं फोन ठेवला. काकांनी त्याचं पान वहीतून फाडलं, घडी करून टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातलं. पुढं ते टेबल हललं नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते.

बेंबळीच्या रस्त्यावर एक मोठी डाळमिल आहे. तिचे मालक सत्तरीचे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांचा जुना भुईकाटा बिघडलाय, ट्रक दुसरीकडं वजनाला पाठवावे लागतात, अशी बातमी फिटरनं आणली. काटा त्यांना हवाच होता. पण गेटवर आमचा माणूस दोनदा जाऊन आला, दोन्ही वेळा एकच उत्तर, फोन करून या. फोन केला की दिवाणजी उचलायचे आणि म्हणायचे, अण्णा कामात आहेत. सकाळी कामात, दुपारी कामात, संध्याकाळी कामात. माझे तीन महिने भरायला बारा दिवस राहिले होते. शेठचा भाचा दुकानात येऊन माझ्या खुर्चीवर बसून बघून गेला होता. खुर्ची बरी आहे म्हणाला.

दिवाणजींच्या मागं लागून लागून मी अण्णांना तीनदा फोनवर घेतलं. तिन्ही वेळा ते ‘बघू’ म्हणाले आणि फोन ठेवला. तिसऱ्या वेळेनंतर मी त्यांचं नाव पहिल्या रकान्यात लिहिलं आणि वही मिटली. डोळ्यांत पाणी आलं होतं ते काकांना दिसू नये म्हणून मी खिडकीकडं वळले. त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

काकांनी विचारलं, काय म्हणाले?

मी म्हटलं, बघू म्हणाले. तिन्ही वेळा बघू.

तू काय इचारलंस ते सांग. एकेक शब्द सांग.

मी सांगितलं. पहिल्यांदा विचारलं, परवा येऊन जागा मोजू का. बघू. दुसऱ्यांदा, पुढच्या आठवड्यात चालेल का. बघू. आज म्हटलं, सरळ कामाचं नको, आधी माणसासारखं बोलावं. म्हणून म्हटलं, नमस्कार अण्णा, जेवण झालं का? तर त्यालाही बघू.

काकांनी डोळे उघडले. तोंडातली लवंग काढून कागदावर ठेवली. एवढ्या दिवसांत मी ते पहिल्यांदाच बघत होते.

“पोरी,” ते म्हणाले, “जेवणाला कुणी ‘बघू’ म्हणत न्हाय.”

मला कळलं नाही. ते म्हणाले, त्या माणसाला तुझं काहीच ऐकू आलेलं न्हाय. जन्मभर विक्रीवाल्यांना जे उत्तर दिलं, तेच तो अंदाजानं देतोय. दिवाणजी त्याला कामात हाय म्हणतो ते त्याची अब्रू राखायला.

मग त्यांनी टेलिफोन कचेरीतली एक गोष्ट सांगितली. सोलापूरहून एका खेड्यातल्या पोस्टात ट्रंक कॉल होता. सोलापूरचा माणूस सांगत होता, भाऊ गेला, मातीला या. आणि खेड्यातला म्हातारा आनंदानं म्हणत होता, बरं बरं, इकडं पाऊसपाणी चांगलं हाय. दोनदा सांगितलं, दोनदा बरं बरं. तीन मिनिटं संपत आली. ऑपरेटरनं मधे बोलायचं नाही, ऐकायचंसुद्धा नाही, असा नियम. काका मधे पडले. आवाज खाली घेतला आणि सावकाश म्हणाले, तुमचा भाऊ गेला. आजच निघा.

“मग?” मी विचारलं.

“मग म्हातारा म्हणला, कोण बोलायलंय? म्या म्हणलं, लाईन.”

वरून त्यांना लेखी समज मिळाली. तो कागदही त्यांनी जपून ठेवला होता, पण दाखवला नाही.

त्या दिवसापासून माझी शाळा सुरू झाली. माझा आवाज बारीक आणि वरचा, शाळेत प्रार्थना म्हणणाऱ्या मुलीचा. म्हातारपणी कान आधी वरचा आवाज सोडतो, खालचा शेवटपर्यंत धरतो, असं काका म्हणाले. ओरडून उपयोग नाही, ओरडलं की आवाज आणखी वर जातो. खाली उतरायचं आणि दमानं चालायचं. त्यासाठी त्यांनी दुकानातला पिण्याच्या पाण्याचा माठ रिकामा करून टेबलावर ठेवला आणि मला त्यात तोंड घालून बोलायला लावलं. माठ घुमला पाहिजे. घुमेपर्यंत खाली ये. मी माठात “अण्णा, अण्णा” करत बसले. एक गिऱ्हाईक तराजू घ्यायला आलं होतं, ते बाहेर विचारत होतं, आत काही पूजा आहे का.

शब्दही त्यांनी निवडून दिले. ‘सकाळी’ म्हणायचं नाही, ‘स’ वाऱ्यावर जातो. ‘दहाला’ म्हण. ‘शनिवार’ आणि ‘रविवार’ त्याला सारखेच ऐकू येणार, ‘मंगळवार’ म्हण, तो जड आहे. ‘आमचा प्रतिनिधी भेट देईल’ हे तर विसरूनच जा. चार शब्दांच्या पुढं वाक्य न्यायचं नाही, आणि वाक्य झालं की थांबायचं. थांबायला मला सगळ्यात जड गेलं.

मी एकदा म्हटलं, सरळ दिवाणजींनाच विचारते ना, अण्णांना कमी ऐकू येतं का. काका एवढ्या महिन्यांत माझ्यावर रागावले नव्हते, तेव्हा रागावले. “त्यानं झाकलंय ना? मग तू उघडायचं न्हाय.” शेठलाही सांगू दिलं नाही.

फट कुठली, ते त्यांनीच शोधलं. मिल चालू असताना तिथं धडधाकट माणसालाही ऐकू येत नाही. एकला हमाल जेवायला बसतात, तेव्हा यंत्रं थांबतात. तीन महिन्यांना चार दिवस उरले असताना मी एक वाजून पाच मिनिटांनी फोन लावला. चपला मी स्वतःहून काढल्या होत्या. काका समोर डोळे मिटून.

दिवाणजींनी उचलला. मी म्हटलं, धाराशिवहून बोलते. ते नेहमीसारखं म्हणाले, अण्णा कामात आहेत. मी म्हटलं, “दिवाणजी, मला घाई न्हाय. मी अण्णांशी दमानं बोलते. खालच्या आवाजात बोलते.”

मला वाटलं, आता फोन ठेवतील. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, “थांबा, बाई.” मला त्यांनी बाई म्हटलं ते पहिल्यांदा.

रिसीव्हर हातातून हातात गेल्याची खरखर झाली. मी माठ डोळ्यांसमोर आणला.

“अण्णा. जेवण झालं?”

मी थांबले. काकांचं एक बोट टेबलावर उचललेलं होतं, अजून थांब म्हणून.

“झालं,” अण्णा म्हणाले. “तुमचं?”

आमच्या दुकानाशी ते आजवर ‘बघू’च्या पुढं बोललेले नव्हते. काकांनी बोट खाली टेकलं, तेव्हा मी म्हटलं, माझंही झालं. मग म्हटलं, भुईकाटा. ते म्हणाले, हां, काटा. मग मी सवयीनं घोळ घातला. म्हटलं, सकाळी येऊ का सोमवारी. पलीकडून आलं, बघू. काकांनी माठावर टिचकी मारली.

मी श्वास घेतला. “मंगळवारी. दहाला. येऊ?”

“या की,” अण्णा म्हणाले. “जागा तुमीच बघा की.”

मी काचेखालच्या कागदाकडं बघितलं. चौथी ओळ. रिसीव्हर ठेवला, आणि काकांचा हात हवेतून पिन उपसून परत आला. मग त्यांनी खिशातून नवी लवंग काढली, पुसली आणि तोंडात टाकली.

मंगळवारी मी फिटरबरोबर गेले. काकांना म्हटलं, चला. ते म्हणाले, आवाजानं ओळखलेलं माणूस डोळ्यानं बघू नये, दोन्ही जुळत नाहीत. ते खरंच होतं. अण्णा मोठ्या देहाचे असतील असं मला वाटलं होतं, ते निघाले बारीक, ठेंगणे, डावा कान आमच्याकडं करून बसलेले. मी नमस्कार करून बोलायला लागले, तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “आवाजावरनं चाळिशीची बाई वाटली मला. तू तर पोरगी निघालीस.” दिवाणजी भिंतीकडं तोंड करून हसले. कानाचा विषय ना त्यांनी काढला, ना मी. चहा झाला, जागा मोजली, फिटरनं खड्डा आखला, आणि अण्णांनी तिथंच इसार दिला.

काका पुढं दीड-दोन वर्षं येत होते. मग गुडघे गेले आणि मुलीनं त्यांना लातूरला नेलं. जाताना वही मला दिली, आणि माठ. तिथंही त्यांनी वायरचाच फोन घेतलाय. दर रविवारी अकराला मी लावते, ती त्यांची फट. मी म्हणते, धाराशिवहून बोलते. ते म्हणतात, बोला. तारेवर मी अजून ‘तुम्ही’च आहे.

मागच्या पावसाळ्यात एकदा विचारलं, काका, गुडघा कसा आहे. ते म्हणाले, “बघू.”

मी आवाज खाली घेतला, माठ घुमतो तिथपर्यंत, आणि परत विचारलं. गुडघा. बरा हाय?

“बरा हाय,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, “चांगलं उतरलीस.” एवढंच. त्यांना कळलं, मला कळलं, विषय तिथंच संपला. आता मी त्यांच्याशी त्याच आवाजात बोलते, आणि सोमवारचं काही असलं तर मंगळवारच्या आदल्या दिवशी म्हणते.

बेंबळी रस्त्यावरच्या डाळमिलीत भुईकाटा बसला आणि आजही तोच चालू आहे. अण्णांनी इसार दिला त्याच महिन्याच्या अखेरीला शेठनी मला पक्कं केलं होतं. मी त्याच संध्याकाळच्या एसटीनं गावी गेले आणि आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेडात गेली नाही. आता ती माझ्याजवळ धाराशिवात राहते. संध्याकाळी मी दुकानातून येते तेव्हा स्वयंपाक झालेला असतो.